थेंब राहता कामा नये

काळी गाडी घेऊ नका, असं बायको मला जुन्या गाड्यांच्या दुकानात उभ्या उभ्या सांगत होती. काळ्यावर सगळं दिसतं. धूळ दिसते, बोटं दिसतात, पाण्याचा थेंब वाळला की त्याचा पांढरा ठिपकासुद्धा दिसतो. मी ऐकलं नाही. धाकट्या भावाची गाडी चंदेरी होती, म्हणून मला काळी हवी होती. दुसरं काही कारण नव्हतं, आणि हे मला तेव्हाही नीट माहीत होतं.

तसं पाहिलं तर मला गाडीची गरजच नव्हती. वडील ज्या गिरणीत होते तिच्याच आवारात आता काचेची इमारत आहे आणि तिथे माझं ऑफिस आहे. मी चालत जातो, चालत येतो. गाडी मी घेतली ती गणपतीसाठी. लोकांना मी वेगळं सांगतो, आईचे गुडघे, डॉक्टरकडे नेणं-आणणं वगैरे. ते खोटं नाही, पण खरं कारण ते नाही.

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो, शाडूचा, लहानसा. आता टॉवर झालाय, पण चाळ होती तेव्हापासून मूर्ती लालबागच्या एकाच कारखान्यातून येते. वडील ती पाटावर ठेवून, पाट डोक्यावर घेऊन चालत आणायचे आणि आम्ही दोघं भाऊ पुढे झांजा वाजवत यायचो. वडील गेले तेव्हा मला वाटलं, आता पाट माझ्याकडे येणार. मी थोरला. पण त्या वर्षी मला नेमका ताप होता आणि धाकट्याने मूर्ती आणली. पुढच्या वर्षी आई म्हणाली, त्याचा हात स्थिर आहे, त्यालाच आणू दे. मग त्याला सरकारी नोकरी लागली, अँटॉप हिलला क्वार्टर मिळालं, त्याने गाडी घेतली, आणि गणपती गाडीतून यायला लागला. गाडी त्याची, म्हणून मूर्ती त्याची. मी मागून टॅक्सी बघत यायचो, किंवा सरळ पायी. एवढ्या वर्षांत एकदाही देव माझ्या हातून घरात आला नाही. हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. बोलण्यासारखं नव्हतंच ते. अर्धं आयुष्य सरलेल्या माणसाने हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

आई माझ्याकडे राहते. तिच्या गोळ्या, तिचे डोळे, तिचा चहा सकाळी किती वाजता लागतो, हे सगळं मी आणि बायको बघतो. धाकटा रविवारी येतो. येताना कधी पापलेट आणतो, कधी नुसता हात हलवत येतो, आणि आईचा चेहरा असा खुलतो की मी पेपर उघडून त्याच्याआड बसतो. सुरमईचा मधला तुकडा त्याच्या पानात पडतो. मी रोजचा, तो पाहुणा, हे मला समजतं. समजून उपयोग होत नाही.

मागच्या वर्षी मात्र एक गोष्ट झाली. धाकट्याने नेहमीसारखी सकाळी गाडी धुतली आणि तशीच घेऊन आला. मूर्ती आत ठेवायला त्याने दार उघडलं आणि दाराच्या वरच्या कडेला अडकलेलं पाणी टपकन गणपतीच्या मुकुटावर पडलं. शाडूची मूर्ती, वरून पाण्याचे रंग. सोनेरी रंग विरघळून तिथे एक पांढरा ठिपका उठला. धाकट्याचं तोंड उतरलं. मला काय वाटलं ते सरळ सांगतो, मला बरं वाटलं. दीड दिवस मी त्या ठिपक्याकडे बघत आरत्या म्हटल्या. आईने त्या ठिपक्यावर एक जास्वंद ठेवलं, एवढंच. माझ्या हातून झालं असतं तर जास्वंद ठेवलं असतं का, हा प्रश्न मी पुढे वर्षभर उगाळत बसलो.

पण विसर्जन करून आलो तेव्हा आई जाता जाता म्हणाली होती, "गाडी कोणाची का असांना, देव कोरडो घरात येवक व्हयो."

ते वाक्य मी धरून ठेवलं. कोरडा. म्हणजे यापुढे प्रश्न गाडी कुणाची हा नव्हता, गाडी कोरडी कुणाची हा होता. त्यात धाकट्याला हरवता येण्यासारखं होतं, कारण तो असल्या बाबतीत अगदीच भोंगळ आहे. उन्हाळ्यात मी गाडी घेतली आणि श्रावणापासून दर रविवारी टॉवरच्या पोडियमवर, म्हणजे घरांच्या खालच्या पार्किंगच्या मजल्यावर, तालीम सुरू केली.

पहिल्यांदा मी ती धुऊन नुसती उभी केली. वाळेल आपोआप, असं वाटलं. आमच्या टॉवरला महापालिकेचं पाणी कमी आणि टँकरचं जास्त. त्या पाण्यात काय असतं देव जाणे. तासाभराने खाली येऊन बघतो तर गाडीला देवी आल्यासारखे पांढरे ठिपके, छतापासून डिकीपर्यंत. ओल्या फडक्याने पुसावे तर आणखी नवे उठत होते. बायकोने गॅलरीतून बघितलं आणि काही न बोलता आत गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

मग मी हिंदमाताच्या कापडबाजारात जाऊन चांगले जाड पंचे आणले. पांढरेशुभ्र, करकरीत, घडीसुद्धा न मोडलेले. देवाच्या कामाला नवंच कापड हवं, असा माझा हिशेब. पुढच्या रविवारी त्यातला एक पंचा बॉनेटवर फिरवला तर पाणी नुसतं इकडून तिकडे सरकलं. पंचा पाणी पिईना. वर खळीचा पांढरट फराटा उमटला आणि धाग्यांची लव सगळीकडे चिकटली. गिरणी कामगाराच्या घरात वाढलेला माणूस मी. कोरं कापड खळ गेल्याशिवाय पाणी ओढत नाही, हे आमच्या चाळीतल्या शेंबड्या पोरांनाही ठाऊक होतं. घरात नवा टॉवेल आला की आई तो आधी रात्रभर भिजत घालायची. पण ईर्ष्येला लागलेल्या माणसाला घरचं शहाणपण आठवत नाही. ते पंचे मी मुकाट्याने भिजत घातले आणि बायकोने ते मुकाट्याने स्वयंपाकघरात वापरायला काढले.

एका रविवारी धाकटा आला तेव्हा मी चाकांशी उकिडवा बसलो होतो. त्याने माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारली.

"दादा, काय चकाचक ठेवलीयस रे गाडी," तो म्हणाला. "मी तर धुतो आणि तशीच पळवतो. वाऱ्याने सुकते. टेन्शन नाय."

त्याच्या बोलण्यात टोमणा असता तर मी सुखी झालो असतो. टोमणा नव्हता. त्याला खरोखर माझं कौतुक वाटत होतं. माझं खरं दुखणं हेच आहे. मी ज्याच्याशी लहानपणापासून शर्यत लावून धावतोय, त्याला शर्यत आहे हेच ठाऊक नाही. तो वर गेला आणि थोड्या वेळाने आईच्या हसण्याचा आवाज आला. आमचं घर चौथ्या मजल्यावर आहे, तरी आला.

शेवटी मी त्याची नक्कल केली. त्याच्यासमोर नाही, पुढच्या रविवारी, तो नसताना. गाडी धुतली आणि तशीच बाहेर काढली. परळकडून निघालो, काचा खाली, वारा लागतोय, थेंब बॉनेटवरून मागे पळताहेत, गाडी बघता बघता कोरडी होतेय. मला इतका आनंद झाला की मी वळायचं विसरून सरळ दादरच्या दिशेने गेलो. रात्री पाऊस होऊन गेला होता. लालबागमध्ये जन्मलेला माणूस श्रावणात, पाऊस पडून गेल्यावर, गाडी सुकवायला हमखास पाणी तुंबणाऱ्या हिंदमाताकडे नेतो, हे मी आजवर ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही. पाणी फार नव्हतं, घोट्याएवढं. पण समोरून बस आली आणि तिने माझ्या काळ्या गाडीला दारांच्या हँडलपर्यंत चिखलाने आंघोळ घातली. मी काचा खाली ठेवल्या होत्या, त्यामुळे मलाही.

घरी आलो तेव्हा बायको पहिल्यांदा बोलली.

"अहो, भाऊजींची गाडी पण अशी सुकत नसणार," ती म्हणाली. "त्यांच्या गाडीचा रंग असा आहे की डाग दिसत नाहीत. एवढंच आहे ते."

"मी कुठे त्याच्याबद्दल काय बोललो?"

"तुम्ही नाही बोललात."

तिचं माहेर दादरचं, वडील कारकून. ती जपून बोलते आणि नेमकं बोलते. पण ती म्हणाली त्याने माझं समाधान व्हायच्या ऐवजी अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे त्याच्या गाडीवरही डाग असतात. फक्त ते दिसत नाहीत. आणि माझ्यावर असलेला प्रत्येक डाग आख्ख्या पोडियमला दिसतो. आमच्या दोघांचं लहानपणापासून हेच चाललंय, असं मला त्या दिवशी वाटलं आणि जेवणही गेलं नाही.

त्यानंतर मात्र मी डोकं थंड ठेवून कामाला लागलो. मोबाइलवर गाडी पुसण्याचे इतके व्हिडिओ पाहिले की मोबाइल मला दुसरं काही दाखवेना. मायक्रोफायबरचे दोन मोठे टॉवेल मागवले. हळूहळू माझ्या लक्षात येत गेलं की खरं काम पुसण्यात नाहीच, लपलेलं पाणी शोधण्यात आहे. वरून गाडी कोरडी झाली असं वाटतं आणि पाच मिनिटांनी आरशाच्या खाचेतून एक ओघळ निघून दारावर उतरतो. नंबरप्लेटच्या मागे, दाराच्या हँडलच्या वाटीत, दिव्यांच्या कडेला, छताच्या रबराखाली पाणी दबा धरून बसतं. म्हणून आधी सगळी दारं, डिकी, पेट्रोलचं झाकण उघडायचं, आणि वरच्या कडा आधी टिपायच्या. टिपायच्या, घासायच्या नाहीत. टॉवेल पसरून ठेवायचा, वरून तळहाताने दाबायचा आणि उचलायचा. पहिला टॉवेल पाणी पितो, दुसरा ओलसरपणा काढतो. उन्हात करायचं नाही, सावलीत करायचं. शेवटची बादली टँकरच्या पाण्याची नाही, पिण्याच्या फिल्टरची. आरशांच्या खाचांना बायकोचा केस सुकवायचा ड्रायर. फिल्टरच्या पाण्यावरून आणि ड्रायरवरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.

आई संध्याकाळी पोडियमवर चालायला उतरते आणि बाकावर बसते. गणपतीच्या आधीच्या रविवारी ती सकाळीच उतरली. मी दारांच्या वरच्या कडा टिपत होतो. ती बराच वेळ बघत बसली.

"किती पुसतंस रे," ती म्हणाली. "रंग जायत तिचो."

मी बोट उभं करून दाराच्या वरच्या कडेवरून फिरवलं आणि तिला दाखवलं. कोरडं ठणठणीत. तिने बोट बघितलं, मग गाडी बघितली. मग म्हणाली, "ह्या वर्षी तुझ्या गाडयेन जावया."

मी हातातला टॉवेल पिळला. टॉवेलमधून पाणीसुद्धा निघालं नाही, तरी पिळला. त्या रात्री मी धाकट्याला फोन करून सांगितलं की यंदा तू गाडी आणू नकोस, आईचं म्हणणं आहे माझ्या गाडीतून जाऊ. "बेस्टच ना दादा," तो म्हणाला, "तिकडे पार्किंगची मारामारी असते. मी ट्रेनने येतो." त्याला वाईट वाटावं अशी माझी फार इच्छा होती. नाही वाटलं.

मूर्ती आणायच्या दिवशी मी उजाडताच खाली होतो. सगळं शिस्तीत केलं. गाडी अशी झाली होती की बॉनेटमध्ये वरच्या पत्र्याच्या पन्हळी मोजता याव्यात. मागच्या सीटवर नवी चादर घातली, पाट ठेवला. मी नवा झब्बा घातला. आई मागे बसली, धाकटा माझ्या शेजारी. त्याच्या अंगावर रोजचाच शर्ट होता. मी मनात सगळं ठरवून ठेवलं होतं. मूर्ती मी उचलणार, गाडीत मी ठेवणार, धाकटा मागे बसून नुसता पाट धरणार, आणि इमारतीपाशी पोचल्यावर पुन्हा मीच ती उचलून वर नेणार.

कारखान्याच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी लावली आणि भुरभुर सुरू झाली. पाऊसही म्हणता येणार नाही असली. गाडीच्या काळ्या पत्र्यावर ती राईसारखी बसत होती. आई आणि धाकटा कारखान्याच्या मंडपात गेले. "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच," मी म्हणालो, कारण मागचं दार, ज्यातून मूर्ती आत जाणार, त्याच्या वरच्या कडेवर थेंब जमायला लागले होते. मागच्या वर्षीची जागा तीच. मी टिपलं. छत टिपलं, नाहीतर छतावरचं पाणी पुन्हा कडेवर येणार. तोवर कड पुन्हा ओली. पहिला टॉवेल गच्च झाला, दुसरा काढला, तोही झाला. मी झब्ब्याच्या बाहीने कड पुसली. भुरभुर थांबली तेव्हा दार कोरडं होतं आणि मी धावत मंडपात गेलो.

आमची मूर्ती पुढे काढून ठेवलेली होती. आई तिच्या पायाशी सुपारी ठेवत होती. मागे लोकांची ही गर्दी, प्रत्येकाच्या हातात पाट, आणि मूर्तिकार सगळ्यांना पुढे सरका, पुढे सरका म्हणत होता. मी वाट काढत गेलो आणि दोन्ही हात पुढे केले.

आईने माझं मनगट धरलं.

"हात ओले आसत तुझे," ती म्हणाली. "मूर्तीक लावू नको. रंग जातलो."

मी हात झब्ब्याला पुसायला गेलो. झब्बा ओला होता. खिशात रुमाल होता, त्याने मी घाईत आरशाची खाच टिपली होती.

"दादा, थांब ना, हात सुकव, तूच घे," धाकटा म्हणाला. त्याने स्वतःचा रुमाल शोधायला खिशात हात घातला. तो मनापासून शोधत होता.

"अहो, उचला, मागे लाइन आहे," मूर्तिकार म्हणाला.

"तू घे रे," आई धाकट्याला म्हणाली. आणि मला, "तू गाडी बघ."

मी गाडी बघायला गेलो. दार उघडून धरलं. एक थेंब पडला नाही. धाकटा मूर्ती मांडीवर घेऊन मागे बसला, आई त्याच्या शेजारी. पुढची सीट रिकामी राहिली. आरशात मला ते तिघं दिसत होते, तो, ती आणि कपड्याने तोंड झाकलेला देव. रस्त्यात मी एकदाही जोरात ब्रेक मारला नाही. चांगला ड्रायव्हर कसा असावा, तसा मी त्यांना घेऊन आलो.

इमारतीच्या दाराशी त्यांना उतरवलं. गेटवरचा वॉचमन गाडी हलवा म्हणून हात करायला लागला, तेव्हा मी ती वर पोडियमला नेऊन लावली. मी घरात पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. ज्याच्या हातात मूर्ती असते त्याला दारात उभं करून त्याच्या पायांवर दूध आणि पाणी घालतात, भाकरतुकडा ओवाळून टाकतात. ते बायकोने केलं होतं. ती तरी काय करणार, देव हातात घेऊन माणूस किती वेळ दारात ताटकळणार? देव मखरात बसला होता. मुकुट सबंध सोनेरी होता. धाकटा हात जोडून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला इतका हेवा आजवर कधी वाटला नव्हता. मूर्ती त्याने आणली म्हणून नव्हे. त्याला रडू येत होतं म्हणून. माझ्या मनात देवाला पुरेल एवढी जागाच उरली नव्हती. तिथे सगळीकडे धाकटाच होता.

आईने वळून माझ्याकडे बघितलं. प्रेमाने बघितलं, हे मला मान्य करायला हवं.

"तेवढो उंबरो पुसून घे," ती म्हणाली. "ओलो आसा, कोणतरी घसरतलो. तुका बरा पुसूक येता."

मी स्वयंपाकघरातून एक पंचा घेतला आणि खाली बसलो. उंबऱ्यावर दूध आणि पाणी सांडलं होतं आणि तिथून आत, मखरापर्यंत, धाकट्याची ओली पावलं उमटली होती. मी टिपायला लागलो. एकेका ठशावर पंचा पसरायचा, तळहाताने दाबायचा, उचलायचा. पंचा आता छान पाणी पीत होता. शेवटचा ठसा पुसण्याआधी मी माझं पाऊल त्याच्या शेजारी ठेवून बघितलं. त्याचं मोठं होतं.